राखीची गोष्ट कोणी ऐकली

नीलमला आपल्या मुलीचा अभिमान वाटावा असा दिवस फार उशिरा उजाडला, आणि उजाडला तोही असा की दुपारपर्यंत तिला वाटायला लागलं, ही पोरगी मुकी असती तर बरं झालं असतं. आई असं म्हणते का? म्हणते. भीती एकदा पोटात शिरली की आईसुद्धा वाटेल ते मनात आणते, आणि मग जन्मभर स्वतःच्या तोंडात मारून घेते.

राखी तिसरीत गेली होती, म्हणजे खरं तर ढकलली गेली होती. सुरतेतल्या मराठी शाळेत तिला मृणालबेन होत्या. त्या मूळच्या साताऱ्याच्या, पण सुरतेत शिकवायला लागलं की कोणतीही बाई बेन होते, तशा त्याही झाल्या होत्या. तोंडी विचारलं की राखी फाडफाड बोलायची. पुस्तक समोर ठेवलं आणि जोडाक्षर आलं की चढावर बैल अडावा तशी अडायची. घरी अहिराणी, गल्लीत हिंदी, दुकानात गुजराती आणि पुस्तकात मराठी, एवढ्या सगळ्यांत त्या पोरीने कुठे पाय टेकवावा? मे महिन्याची सुट्टी लागली तेव्हा मृणालबेननी पालकांना बोलावून फोनवर एक अ‍ॅप दाखवलं. बोलपाटी त्याचं नाव. पैसे भरायचे नाहीत, जाहिराती नाहीत, फोनवर उघडायची आणि पोराच्या हातात द्यायची.

फुकट म्हटल्यावर नीलमला आधी संशय आला. नवागामच्या त्या दाट वस्तीत, एका खोलीत संसार करणाऱ्या बाईला फुकट कोण काय देतं? पण बोलपाटी खरंच गुणाची निघाली. त्यात तीन घरं होती. ‘वाचा’मध्ये एक बाई गोड आवाजात वाचायची आणि वाचेल तो शब्द पिवळा व्हायचा. ‘लिहा’मध्ये अक्षरं इकडेतिकडे पळायची, ती पकडून शब्द जुळवायचा, चुकला तर कोणी ओरडायचं नाही, अक्षरं परत पळायची एवढंच. तिसरं घर ‘सांगा’. तिथे मुलांनी आपली गोष्ट आपल्या आवाजात सांगायची, आणि मूल थांबलं की पडद्यावरची साळुंकी मान वाकडी करून विचारायची, कोण? कुठे? केव्हा? मग काय झालं? सुट्टी अर्धी सरली नाही तोवर राखीने भिंतीवरच्या कॅलेंडरातलं ‘ज्येष्ठ’ वाचून दाखवलं. अडखळत वाचलं, पण वाचलं. नीलमच्या डोळ्यांत पाणीच आलं.

आता हे सगळं ऐकायला छान वाटतं. पण नीलमच्या घरात त्या दिवसांत आणखी एक गोष्ट चालू होती, आणि ती कोणाला सांगायची नव्हती.

नीलमची धाकटी बहीण हर्षदा बारडोलीकडे दिली होती. नवरा किरण ऊस वाहणारा ट्रॅक्टर चालवायचा. बोलायला इतका गोड की पहिली दोन वर्षं माहेरच्यांना काही कळलंच नाही. चैत्रात त्याने हर्षदाचा उजवा हात मनगटात मोडला, आणि दवाखान्यात ‘मोरीत घसरली’ म्हणून स्वतःच सांगितलं. घरी आणल्यावर तिला पाणी पाजता पाजता म्हणाला, “पुढच्या वेळी हात नाही, मान.” हे तो रागाने म्हणाला असता तर हर्षदा राहिली असती. तो शांतपणे म्हणाला, म्हणून ती पळाली.

नीलमने तिला आपल्याकडे ठेवली नाही, हे तिचं शहाणपण. नदीपलीकडे कोसाडच्या वसाहतीत सरस्वती नावाची तिची मैत्रीण एकटी राहायची, तिच्या खोलीत ठेवली. किरण नवागामला आला, पलंगाखाली वाकून पाहिलं, मोरीचं दार उघडून पाहिलं, आणि मग चहा पिऊन “ताई, काही कळलं तर सांगा” म्हणत नमस्कार करून गेला. त्यानंतर कितीतरी दिवस नीलम त्या कपाला हात लावत नव्हती. हर्षदाने तिचा फोन बंद करून टाकला होता. महिलांच्या हेल्पलाइनला फोन करू, असं नीलम दरवेळी म्हणायची, आणि दरवेळी हर्षदा नको म्हणायची. “तिथे नाव सांगावं लागतं, पत्ता सांगावा लागतो. माझं नाव एकदा कोणाच्या तोंडी गेलं की ते फिरत फिरत त्याच्यापर्यंत जाईल.” प्लास्टर निघालं की ती नाशिकला जाणार होती, तिथल्या एका वसतिगृहात तिचं स्वयंपाकाचं काम ठरलं होतं. तेवढे दिवस निघाले की सुटली.

रविवारी नीलम राखीला घेऊन तिला भेटायला जायची. राखीला बजावून ठेवलं होतं, मावशीचं कोणाला सांगायचं नाही. पोरगी शहाणी होती. शेजारच्यांना सांगितलं नाही, मैत्रिणींना सांगितलं नाही, बापाच्या मित्रांनाही नाही. पण साळुंकी म्हणजे ‘कोणी’ थोडीच होती.

त्या मंगळवारी सकाळी नीलम साड्यांवर स्टोन लावत बसली होती. हे काम नवागामच्या अर्ध्या बायका घरी करतात. साडीच्या काठावर डिंकाचे थेंब ठेवत जायचं आणि ते सुकायच्या आत त्यावर चमकणारे खडे बसवायचे. थेंब ठेवले की मग घराला आग लागली तरी उठता येत नाही. राखी मोरीच्या उंबऱ्यावर बसून फोनशी कुजबुजत होती. थोड्या वेळाने नाचत आली. तिची गोष्ट बोलपाटीने घेतली होती, फोनवर फुलं पडत होती, आणि खाली लिहून आलं होतं, आपल्या माणसांना ऐकवा.

“काय सांगितलंस गं?” नीलमने मान वर न करता विचारलं.

“मावशीची गोष्ट,” असं राखी म्हणाली असती तर सगळं तिथेच थांबलं असतं. पण राखी म्हणाली, “कावळ्याची.” आणि तेही खोटं नव्हतं.

नीलमच्या बोटांना डिंक लागला होता. तिने बोटाच्या पेराने दाबत दाबत ती गोष्ट गावच्या ग्रुपवर पाठवली. हा ग्रुप रेल्वेतून निवृत्त झालेल्या नागनाथमामांनी काढला होता. गावाकडून सुरतेत आलेली सगळी घरं त्यात होती, आणि त्यावर पोरांच्या मार्कांचे फोटो टाकायची नुसती अहमहमिका असायची. कोणाची मुलगी गुजराती माध्यमात पहिली, कोणाचा मुलगा इंग्रजीत भाषण करतोय. दरवेळी नीलम अंगठा दाखवून गप्प बसायची. आज पहिल्यांदा तिच्याकडे टाकण्यासारखं काही होतं. खाली तिने लिहिलं, आमच्या राखीने स्वतः रचलेली गोष्ट.

फुलं आली, टाळ्या आल्या, मामांनी ‘प्रगती करो’ लिहिलं. ऐकली कोणी नव्हती. ग्रुपवर कोण काय ऐकतो? खुद्द आईने ऐकली नव्हती, तिथे बाकीच्यांना काय पडलं होतं. नीलम मात्र खडे लावता लावता गालातल्या गालात हसत होती.

तासाभराने साडी वाळत टाकून तिने फोन पाहिला. एक बोलका मेसेज आला होता. काशीबाईचा. काशीबाई म्हणजे हर्षदाची सासू.

किरणला मामांनी ग्रुपमधून केव्हाच काढलं होतं. पण त्याच्या आईकडे त्याचाच जुना फोन होता आणि ती ग्रुपमध्ये आहे, हे कोणाच्या ध्यानातच नव्हतं. त्या म्हातारीला लिहिता-वाचता येत नव्हतं. त्यामुळे फोनमधल्या अक्षरांकडे ती बघतच नसे. ज्यातून आवाज निघेल ते मात्र सगळं ऐकायची, पहिल्यापासून शेवटपर्यंत. तिचा खरखरीत आवाज खोलीत घुमला.

“जय भीम बठासले. राखी, माय, भलती गोड गोष्ट सांगी तू. निळी टाकीवरला कावळा मले भलता आवडना. दोनदाव आयकी मी.”

निळी टाकी? नीलमचा हात तिथेच थांबला. कोसाडला सरस्वतीच्या इमारतीवर निळी टाकी होती. तिने राखीची गोष्ट लावली, आणि पहिल्यांदा ऐकली.

“माझी एक मावशी आहे,” राखीचा आवाज आला, अगदी स्वच्छ, एकही शब्द न अडखळता. “तिचा एक हात पांढरा आहे. ती लपलेली आहे.” कुठे, असं साळुंकीने विचारलं. “कोसाडला. आम्ही रविवारी बसने जातो. नदी येते. तिकडे सगळ्या बिल्डिंगी सारख्याच आहेत. मावशीच्या बिल्डिंगीवर निळी टाकी आहे आणि टाकीवर एक कावळा बसतो. तोपण तिला कोणाला दाखवत नाही. मावशी तिसऱ्या माळ्यावर आहे. दाराला हिरवा रंग आहे.” मग काय झालं, साळुंकी म्हणाली. “मावशी दार उघडत नाही. आम्ही तीनदा खोकलो की उघडते.”

नीलमच्या तोंडचं पाणी पळालं. पोरीने काही म्हणजे काही ठेवलं नव्हतं. कोण, कुठे, दार कोणत्या रंगाचं, आणि ते उघडायचं कसं. एखाद्या हेराला पगार देऊन पाठवलं असतं तरी त्याने इतकं नीट सांगितलं नसतं. आणि ते उचलून ग्रुपवर टाकलं कोणी? तिनेच.

तिने आधी गोष्ट ग्रुपवरून काढली, बोलपाटीवरूनही पुसली. मग काशीबाईला फोन लावला. काय बोलायचं हे ठरलं नव्हतं. पाया पडायचं, एवढंच सुचत होतं.

फोन किरणने उचलला. मागे वाऱ्याचा घोंघाट होता.

“बोला ताई. माय मागे बसलीय गाडीवर, तिला ऐकू नाही येणार.”

“कुठे... कुठे निघालात?”

“कडोदरा गेलं आत्ताच. माय सकाळपासून राखीची गोष्ट ऐकत होती ना, थोडी माझ्याही कानावर आली. म्हटलं, चला, कोसाड बघून येऊ. परत लावायला गेलो तर आता लागतच नाही. पण मायला पाठ आहे. तुम्ही कशा आहात?”

नीलमने फोन बंद केला. कडोदरा गेलं म्हणजे तो सुरतेच्या दारातच आला होता. सरस्वतीला फोन लावला. ती हिऱ्याच्या कारखान्यात कामाला होती आणि तिथे फोन दारावरच काढून घेत. नवऱ्याला, धम्मपालला, लावला. तो कापडाच्या लूमवर कामाला, आणि तिथल्या खडखडाटात माणसाला स्वतःचा आवाज ऐकू येत नाही, तिथे फोनची काय कथा. हर्षदाकडे फोन नव्हता. ती या घटकेला हिरव्या दारामागे बसून कोणीतरी खोकायची वाट पाहत होती.

आणि मग नीलमने राखीला मारलं. एकच चापट, पण जोरात. “तुला सांगितलं होतं ना, कोणाला बोलायचं नाही?”

“मी कोणाला नाही बोलले,” राखी गाल धरून म्हणाली. “मी गोष्ट सांगितली.”

तिला घरी एकटी ठेवायचा धीर नीलमला झाला नाही. तिचा दंड धरून ती तशीच निघाली. पदराला डिंक चिकटलेला, पायात चपला वेगवेगळ्या. शटल रिक्षाने उधना दरवाजा, तिथून बीआरटीएसची बस. बस आपल्या शिस्तीने प्रत्येक स्टेशनवर थांबत होती, दारं उघडत होती, मिटत होती, आणि नीलमला वाटत होतं की उतरावं आणि धावत सुटावं. डोळ्यांसमोर एकच चित्र. जिन्यात पावलं वाजतात, दाराशी कोणी पुरुष तीनदा खोकतो, आणि हर्षदा हसत हसत कडी काढते. तापी आली. एरवी राखी खिडकीला नाक लावून पाणी पाहायची. आज ती मांडीवर हात ठेवून, समोरच्या सीटच्या पाठीकडे बघत बसली होती. नीलमला तिला जवळ घ्यावंसं वाटत होतं, आणि पुन्हा मारावंसंही वाटत होतं.

कोसाडला उतरल्यावर दोघी जवळजवळ पळतच वसाहतीकडे गेल्या. सगळ्या इमारती खरंच सारख्या. तोच रंग, तसेच जिने, खिडक्यांत तेच वाळणारे कपडे. गच्च्यांवर निळ्या टाक्याही एक सोडून कितीतरी. नीलमला क्षणभर धीर आला. यात कोणाला काय सापडणार? त्याला कोणती टाकी, कोणतं दार, हे कळायला दिवस जाईल.

ती फाटकातून आत शिरली आणि जागीच थांबली. फाटकाच्या आतच, बाभळीच्या सावलीत, मोटारसायकल उभी होती. किरण तिला टेकून उभा होता. काशीबाई शेजारी कठड्यावर बसली होती, पदर डोक्यावरून पुढे ओढून.

“या ताई,” किरण म्हणाला. “म्हटलं होतं ना माय, येतील म्हणून. उगाच दारं वाजवत कशाला फिरायचं?”

तेव्हा नीलमच्या डोक्यात प्रकाश पडला. तो शोधत नव्हता. त्याने तिला फोनवर मुद्दाम सांगितलं होतं, कडोदरा गेलं म्हणून, आणि इथे येऊन तो फक्त तिची वाट पाहत थांबला होता. ती घाबरून धावत येणार आणि नेमकी त्या दाराशी जाऊन उभी राहणार. तिची नजर आधी त्याच्यावर पडली नसती, तर तेच झालं असतं.

ती एक पाऊलही पुढे टाकू शकत नव्हती, आणि मागे फिरली तरी तो इथेच राहणार होता. डाव्या हाताची पहिलीच इमारत हर्षदाची. तिकडे मान वळू नये म्हणून तिने मान अशी ताठ धरली की गळ्याच्या शिरा दुखायला लागल्या.

किरण राखीसमोर उकिडवा बसला. “राखी बेटा, शाब्बास. काय सुरेख सांगतेस. मला पण सांग ना. मावशी कुठेय?”

राखी आईच्या पायाला चिकटली. तिचं तोंड अर्धवट उघडलं. सुट्टीभर तिला एवढंच शिकवलं होतं की कोणी विचारलं, कुठे, तर नीट उत्तर द्यायचं. नीलमने तिचा खांदा इतका घट्ट धरला की नखं रुतली असतील.

“माळा कितवा गं?” किरण म्हणाला. “दार कसल्या रंगाचं?”

“तिले काय इचारस?” काशीबाई म्हणाली. एवढा वेळ ती तोंड उघडत नव्हती. “पोर घाबरनी शे. मी आयकेल शे ना बठं.”

“मग इतका वेळ मूग गिळून का बसली होतीस? किती वेळ विचारतोय तुला.”

काशीबाई उठली. गुडघ्यावर हात टेकत, हळू. तिने पदर जरा मागे सारला तेव्हा नीलमला तिच्या कानाखाली जुनी, पिवळी पडत चाललेली खूण दिसली. म्हातारीने सगळ्या गच्च्यांवरून नजर फिरवली आणि अंगण ओलांडून पार पलीकडे, शेवटच्या इमारतीकडे बोट केलं.

“ती. चौथा माळा. कोपराना पिवळा दरवाजा.”

राखीने सांगितलं होतं तिसरा, आणि हिरवा. ती म्हातारी गोष्ट दोनदा ऐकून बसली होती. ती चुकणं शक्य नव्हतं. चुकीचं सांगत होती, जाणूनबुजून सांगत होती. आणि त्याच क्षणी नीलमला दुसरी भीती वाटली, की आपल्या चेहऱ्यावर हायसं वाटल्याचं उमटेल आणि हा माणूस ते वाचेल. किरण तिच्याकडेच पाहत होता. आईच्या बोटाकडे नाही, नीलमच्या तोंडाकडे.

मग नीलमने जन्मात केलं नव्हतं ते केलं. ती पुढे झाली आणि तिने त्याचा हात दोन्ही हातांनी धरला. “किरणभाऊ, नका हो जाऊ. पाया पडते तुमच्या. तिचा हात अजून बरा नाही झाला. तिकडे नका जाऊ.” रडणं मात्र खोटं नव्हतं, ते सकाळपासून आत साठलेलं होतं, त्याला फक्त वाट मिळाली.

किरण हसला. त्याने तिचे हात सोडवले, अगदी हळुवार, आणि गाडीची किल्ली खिशात टाकून तो अंगण ओलांडून शेवटच्या इमारतीकडे निघाला. घाई नव्हती त्याला. जिन्याच्या अंधारात तो दिसेनासा झाला.

“जाय,” काशीबाई म्हणाली. “तो वर शे तवर जाय तिले लीसन. मांगला फाटकथून.”

“तुम्ही पण चला,” नीलम म्हणाली. आपण हे म्हणतोय यावर तिचाच विश्वास बसत नव्हता. या बाईला तिने इतके दिवस शिव्या दिल्या होत्या. सुनेचा हात मोडेपर्यंत जी घरात बसून राहिली, तिला शिव्याच द्यायच्या, दुसरं काय?

“मी उनू ते तोबी मांगे येई. गाडी आठे, मी आठे, म्हंजे त्याले वाटी तुम्ही बी आठेच शेतस.” म्हातारी परत कठड्यावर बसली, पलीकडच्या जिन्याकडे तोंड करून. “जाय व माय. आते उभी नको राहू.”

नीलम वळली आणि धावली. तीन जिने ती कशी चढली हे तिला आठवत नाही. हिरव्या दाराशी उभी राहिली आणि खोकायला गेली तर घशातून आवाजच निघेना. राखीनेच पुढे होऊन खोकून दाखवलं, तीनदा. कडी निघाली. हर्षदा दारात उभी, गळ्यात अडकवलेला पांढरा हात, ओठांवर हसू. मोठ्या बहिणीचं तोंड पाहिलं आणि ते हसू विझलं.

“चाल,” नीलम म्हणाली. राखीच्या शाळेसाठी सुट्टी लागल्यापासून ओढूनताणून बोलायची ती मराठी आता कुठल्या कुठे गेली होती. “काही लेऊ नको. तो आठे शे.”

हर्षदा अनवाणीच निघाली. मागच्या जिन्याने खाली, गटाराच्या कडेने, मागच्या फाटकातून रस्त्यावर. रिक्षा मिळाली. तिघी आत कोंबून बसल्या आणि नीलमने बस स्टँड सांगितलं. नाशिकची गाडी मिळेल ती पकडायची, प्लास्टर तिकडे काढू. तिचा जीव अजून भांड्यात पडला नव्हता, पण श्वास यायला लागला होता.

रिक्षा वळून वसाहतीच्या पुढच्या अंगाने आली. रस्ताच तसा होता. फाटकातून आतलं अंगण दिसलं. बाभळ, मोटारसायकल, आणि कठड्यावर पाठमोरी बसलेली ती बाई. तिने मागे वळून पाहिलं नाही.

“सासूबाई?” हर्षदा म्हणाली. “त्या इथे कशा?”

नीलमने सांगितलं. चार वाक्यांत सांगून झालं. चौथा माळा, पिवळं दार, आणि आम्ही निघून आलो. हर्षदा ऐकत होती आणि तिचा चेहरा दगडासारखा होत गेला.

“पिवळं दार कोणाचं आहे?” तिने विचारलं.

“माहीत नाही. कोणाचं तरी असेल.”

“म्हणजे तो खाली येणार. त्याला कळणार, तिने खोटं सांगितलं.” हर्षदाने मोडका हात चांगल्या हाताने धरला. “ताई, तो तिला इथे काही करायचा नाही. इथे लोक आहेत. तो तिला गाडीवर बसवून घरी नेईल. घरी आता मी पण नाही.”

राखी दोघींच्या मधे बसून एकदा आईकडे, एकदा मावशीकडे बघत होती. नीलमला खरं सांगायचं तर रिक्षावाल्याला म्हणावंसं वाटत होतं, दादा, जोरात घ्या, नदी ओलांडा एकदाची. तिची बहीण सुटली होती. हातातोंडाशी आलेली सुटका होती. परक्या म्हातारीसाठी ती घालवायची? तिने फोन हातात घेतला, हेल्पलाइनचा नंबर काढला, आणि अंगठा वर धरून तशीच बसली.

हर्षदाने तिच्या हातातून फोन घेतला आणि नंबर दाबला.

पलीकडे गुजरातीत एक बाई बोलत होती. शांत, सवयीचा आवाज. काय झालं, कुठे, असं विचारत होती. हर्षदा सांगत गेली. कोसाड, वसाहतीचं पुढचं फाटक, एक म्हातारी बाई, मुलगा मारतो, आज फार मारेल. ती मधे थांबली नाही.

“एमनुं नाम?”

“काशीबाई.”

“तमारां शुं थाय? अने तमे कोण?”

रिक्षा सिग्नलला थांबली होती. पुढे पुलाचा चढ दिसत होता. हर्षदाने डोळे मिटले. किती दिवस ती खिडकीसुद्धा उघडत नव्हती, भिंतीपलीकडच्या बाईलासुद्धा तिने आपलं नाव कळू दिलं नव्हतं.

“मारां सासू छे,” ती म्हणाली. “मारुं नाम हर्षदा. हर्षदा किरण.” मग तिने पुढे वाकून रिक्षावाल्याच्या खांद्यावर हात ठेवला. “दादा, रिक्षा वळवा. फाटकासमोर, रस्त्याच्या त्या बाजूला उभी करा. हेल्पलाइनची गाडी येईपर्यंत आम्ही तिथेच थांबणार आहोत.”

नीलमला ओरडावंसं वाटलं, पण ती ओरडली नाही. रिक्षा वळली. पानाच्या टपरीआड ती उभी राहिली तेव्हा काशीबाई तशीच बसलेली होती, हात मांडीवर ठेवून. नीलमने राखीला मांडीवर ओढलं, सकाळी मारलेल्या गालावर आपला गाल टेकवला आणि तिच्या कानात, चुकलं माझं, म्हणाली. मग तिघी पलीकडच्या जिन्याकडे पाहत राहिल्या. तो अजून खाली आला नव्हता.